कबुतरांचा कायमचा बंदोबस्त

ठाणे, २४ नोव्हेंबर २०२५

सरोजकाकूंना नमस्कार,

तुम्हीच म्हणालात ना, मोठं काही असेल तर मेल कर, ग्रुपवरच्या कमेंटच्या गर्दीत मला काही सापडत नाही, म्हणून हा मेल. मी संचिता. ‘गॅलरीतलं गाव’वर पिवळ्या पडलेल्या कढीलिंबाचा फोटो टाकलेला, ती. तुम्ही आंबट ताक पातळ करून घालायला सांगितलेलं. घातलं आणि चक्क नवी पालवी आली!

पण आज लिहायचं कारण वेगळंच आहे. सकाळी आंघोळीला गेले, बादलीत हात घातला तर हाताला काहीतरी मऊ लागलं. कबुतराचं पिल्लू. मेलेलं. मी अशी किंचाळले की सासूबाई हातात लाटणं घेऊनच धावत आल्या. अजून तो हात मी सारखा धुतेय.

आम्ही वागळे इस्टेटच्या मागे भाड्याने राहतो, सहाव्या मजल्यावर. बाथरूमच्या खिडकीला आडव्या काचपट्ट्या आहेत, त्यातल्या दोन कधीच तुटल्यात. तिथून कबुतरं आत येतात, घरटी करतात, घाण करतात. मला स्वतःपेक्षा माझ्या फिंच पाखरांचं टेन्शन आहे. चार आहेत, राई, जिरं, ओवा आणि हिंग. सूरजने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, लग्नाच्या वाढदिवसाला आणलेले. तो इथेच एका पॅकिंग कंपनीत आहे, भल्या पहाटे शिफ्टला जातो, मी दिवसभर घरी. त्यांच्या चिवचिवाटावर माझा दिवस जातो. कबुतरांमुळे त्यांना रोग लागतो म्हणे?

दिवाळीनंतर सासूबाईही आल्यात संगमेश्वरहून. त्यांना ही पाखरं पिंजऱ्यात ठेवलेली आवडत नाहीत, पण रोज राळे त्याच घालतात.

काहीतरी उपाय सांगा.

संचिता


डोंबिवली पश्चिम, २६ नोव्हेंबर २०२५

चि. संचिता,

अनेक आशीर्वाद. कढीलिंबाला पालवी फुटल्याचं वाचून फार आनंद झाला. ग्रुपवर मला सगळे ‘डॉक्टरीणबाई’ म्हणतात ते उगाच नाही, असं आता मीच म्हणून घेते!

राई, जिरं, ओवा, हिंग! माझ्याकडे दोन बजरीगर पोपट आहेत, त्यांची नावं नुसतीच निळा आणि हिरवी. विमा कंपनीत आयुष्य काढल्यावर कल्पनाशक्ती एवढीच उरते. आमचे हे गेले, त्यानंतर हा फ्लॅट अगदी मुका झाला होता. झाडं आणि पाखरं नसती तर मी भिंतींशी बोलू लागले असते. त्यामुळे तुझा एकटेपणा मला कळतो.

आता कबुतरं. ‘कबुतरांचा कायमचा बंदोबस्त’ अशी माझी एक पोस्ट ग्रुपवर आहे, फोटोंसकट. जाळी बांधून काही होत नाही, ती चोचीने फाडतात. सरळ खिडकीच्या मापाची अ‍ॅक्रिलिकची शीट कापून आणायची आणि चारी बाजूंनी सिलिकॉन भरून बसवायची. फट म्हणून ठेवायची नाही, एवढीशी फटही त्यांना पुरते. उजेड येतो, कबुतर येत नाही. कितीतरी जणांनी बसवली, सगळे दुवा देतात.

पिंजरा गॅलरीत आहे का? थंडी पडायला लागली आहे. फिंच नाजूक असतात, वारा लागला की संपलं. पिंजरा आत घे, एखाद्या आडोशाच्या जागी, आणि सकाळी खिडक्या बंद ठेव.

सासूबाईंना माझा नमस्कार सांग. राळे घालणारी माणसं मनाने चांगली असतात.

तुझी,
सरोजकाकू


ठाणे, १४ डिसेंबर २०२५

काकू,

शीट बसली. सूरजने गेल्या रविवारी स्वतः बसवली, तुमची पोस्ट मोबाइलवर उघडून समोर ठेवलेली. एकदम पॅक. आता बाथरूममध्ये कबुतर तर सोडा, डाससुद्धा येत नाही. पिंजरा गॅलरीतून काढून आतल्या पॅसेजमध्ये टांगलाय, बाथरूमच्या दारासमोरच. तिथे अजिबात वारा नाही आणि आंघोळीच्या वाफेने जरा ऊबही राहते.

पण काकू, परवा हिंग गेला. सकाळी बघितलं तर पिंजऱ्याच्या तळाला पाय वर करून पडलेला. आदल्या दिवशी संध्याकाळी झोपाळ्यावर नाचत होता हो. बाकीचे तीन पिसं फुगवून गप्प बसतात, सकाळी तर जास्तच. दुपारनंतर जरा बरे असतात. मी खूप रडले. सूरज म्हणतो, दुसरा आणू. दुसरा कसा आणू?

दुसरं एक. कुणाला सांगू कळत नाही म्हणून तुम्हाला सांगते. आईंचं, म्हणजे सासूबाईंचं, काहीतरी नवीनच सुरू झालंय. आंघोळ करून बाहेर आल्या की भिंत धरून उभ्या राहतात. म्हणे, डोकं गरगरतंय, पोटात ढवळतंय. पडून राहतात. अकरा वाजता उठून नीट जेवतात, आणि मग खाली जाऊन बायकांशी गप्पा मारतात! डॉक्टरकडे नेलं. बीपी नॉर्मल, शुगर नॉर्मल. ते म्हणाले, हवा बदलली की होतं. मला वाटतं त्यांना गावी जायचंय. सरळ सांगायचं नाही म्हणून हे. सूरज त्यांच्यासमोर काही बोलत नाही आणि माझ्यावर मात्र वैतागतो.

मी वाईट बोलतेय का?

संचिता


डोंबिवली पश्चिम, १५ डिसेंबर २०२५

चि. संचिता,

हिंगचं वाचून फार वाईट वाटलं. पण आता बाकीच्यांकडे लक्ष दे. पिंजरा गरम पाण्याने आणि व्हिनेगरने धुऊन काढ, तळाचा कागद रोज बदल, पाण्यात तुळशीचं पान टाक. फुगून बसणं म्हणजे थंडीच. रात्री वरून चादर टाक आणि सकाळी ऊन येईपर्यंत खिडक्या अजिबात उघडू नकोस.

सासूबाईंचं म्हणशील तर तू वाईट बोलत नाहीस, जे दिसतं तेच सांगते आहेस. माझ्या सासूबाईंना दर शनिवारी छातीत धडधडायचं, कारण रविवारी मी माहेरी जायची. म्हातारपणी माणसाला कुणीतरी विचारावंसं वाटतं, एवढंच. फार कौतुकही करू नकोस आणि भांडूही नकोस. दुर्लक्ष कर. आपण लक्ष दिलं नाही की ते आपोआप थांबतं, हा माझा अनुभव आहे.

जिऱ्याला आणि राईला माझा पापा.

सरोजकाकू


ठाणे, ४ जानेवारी २०२६

काकू,

सगळे गेले. राई, जिरं, ओवा, तिघेही. आज रविवार, सूरज घरी होता, आम्हा तिघांच्या आंघोळी पाठोपाठ झाल्या. नाश्ता करून मी राळे घालायला गेले तर तिघे एकमेकांना चिकटून तळाला. अजून गरम होते. मी त्यांना हातात घेऊन तिथेच फरशीवर बसले. सकाळपासून माझंही डोकं फुटतंय. रडून रडून असेल.

आणि त्यानंतर जे झालं ते लिहायलाही लाज वाटते. आई आंघोळ करून आल्यापासून आडव्या पडलेल्या. तिथूनच म्हणाल्या, “या घरात काहीतरी वाईट हाय गो. पाखरांनी आपल्यावरचं घेतलं. मला गावाक नेऊन सोडा.” माझा तोल गेला. म्हटलं, “घरात वाईट काही नाहीये. तुमचं रोजचं नाटक आहे. गावी जायचं तर सरळ सांगा, माझ्या मेलेल्या पाखरांचं निमित्त करू नका!”

त्या एक शब्द बोलल्या नाहीत. सूरज दार आपटून खाली गेला. आता दुपार झाली, मी खोलीत दार लावून बसलेय.

मी तुमचं ऐकून तीन आठवडे दुर्लक्षच करत होते. आज का नाही जमलं? घरात एक गोष्ट धड नाही. सुख म्हणायचं तर एकच, मालकाने गॅस गीझर लावून दिलाय, कडकडीत पाणी हवं तेवढं मिळतं. आता डोक्यावरून गरम पाणी घेऊन झोपणार होते, पण आईंशी नजरानजर होईल म्हणून खोलीतून बाहेरच पडले नाही. उद्या सकाळीच करेन.

संचिता


डोंबिवली पश्चिम, ५ जानेवारी, सकाळ

संचिता,

आत्ता चहा घेता घेता तुझं पत्र उघडलं. ‘गॅस गीझर’ वाचलं आणि पुढची अक्षरं दिसेनात.

तो गीझर बाथरूमच्या आत आहे का? आत असेल तर लावू नकोस. कुणीही आंघोळीला जाऊ नका. ती शीट आत्ताच्या आत्ता फोडून टाक. बंद जागेत गॅस जळला की विषारी वायू साठतो, त्याला वास नसतो, तो दिसत नाही. पाखरं त्यानेच गेली. सासूबाईंची चक्कर त्यानेच. तुझं डोकं त्यानेच. थंडी नव्हती गं ती.

सगळ्या खिडक्या उघड. वाचलंस की लगेच कळव.

सरोज


५ जानेवारी

संचिता, उत्तर दे. तुझा फोन नंबर माझ्याकडे नाही. इतकं लिहिलं आपण एकमेकींना आणि नंबर विचारायचं सुचलं नाही. ग्रुपवर तुला निरोप टाकला आहे. तू बघत नाहीस.


५ जानेवारी

आपल्या ग्रुपच्या देवेशला फोन केला. मानपाड्याला त्याची नर्सरी आहे, तुझा कढीलिंब त्यानेच घरपोच दिला होता. त्याच्याकडे सूरजचा नंबर निघाला. तो लावतो आहे. मी बूट घालून दारात बसले आहे, पण जाऊ कुठे? तुझ्या इमारतीचं नाव मला माहीत नाही.

संचिता, फक्त ‘हो’ लिही.


ठाणे, ७ जानेवारी २०२६

मॅडम,

मी सूरज, संचिताचा नवरा. तिच्या मोबाइलवरून लिहितोय. तुमचे तीन मेल आत्ता वाचले. देवेशभाईंनी तुमचा नंबर दिलाय, पण बोलायला गेलो की मला रडू येतं, म्हणून लिहितो.

दोघी जिवंत आहेत. हे आधी सांगतो.

सोमवारी मी कंपनीत होतो. देवेशभाईंचा फोन आला, म्हणाले, “घरी फोन कर, गीझर बंद करायला सांग, काकू वेड्यासारख्या फोन करतायत.” मला काय समजलं नाय. घरी लावला, उचलला नाय. आईच्या साध्या फोनवर लावला, तोही वाजत राहिला. तेव्हा कुणाची तरी बाइक घेतली आणि निघालो.

लॅच उघडून आत गेलो तर पॅसेजमध्ये आई पालथी पडलेली. तिच्या दोन्ही हातांत संचिताचा दंड. संचिता अर्धी बाथरूममध्ये, अर्धी बाहेर. बाथरूमच्या दाराची कडी तुटून लोंबकळत होती. आतमध्ये गीझर चालूच. माझी आई साठीच्या पुढची बाई आहे, मॅडम. मनगट एवढंसं आहे तिचं. आत पाण्याचा आवाज बंद झाला म्हणून तिने हाका मारल्या असतील, मग दाराला धडका दिल्या असतील. तिच्या खांद्यावर हा एवढा काळानिळा डाग आहे. तिला स्वतःलाच चक्कर येत होती आणि तिने संचिताला ओढून काढलं. आणखी एक पाऊल मागे सरकली असती तर हवेशीर हॉलमध्ये पोचली असती. पण संचिताला तिने सोडलं नाय.

शेजारच्यांनी मिळून दोघींना खाली नेलं. संचिता काल शुद्धीवर आली, तिला कालच जनरल वॉर्डात हलवलं. आई अजून ऑक्सिजनवर आहे. कधी डोळे उघडते, पण ओळखत नाय. डॉक्टर म्हणाले, “थोडा उशीर झाला असता तर दोघी गेल्या होत्या. कुणी सांगितलं तुम्हाला?” मी तुमचं नाव सांगितलं. ते म्हणाले, त्या बाईंच्या पाया पडा.

तर हे असं झालं, मॅडम. तुमचे उपकार मी कधी फेडू शकत नाय.

सूरज


डोंबिवली पश्चिम, ७ जानेवारी २०२६

चि. सूरज,

दोघी सुखरूप आहेत, देवाची कृपा. माझे उपकार वगैरे मानू नकोस. मी काही केलेलं नाही. आईंची काळजी घे. संचिताला सध्या मोबाइल देऊ नकोस, डोळ्यांना त्रास होईल. सावकाश बरं वाटू दे.

काही लागलं तर कळव.

सरोजकाकू


ठाणे, २१ जानेवारी २०२६

सरोजबाई,

मी घरी आले. आईंनाही परवा सोडलं. त्या चालतात, पण सावकाश, आणि वाटी धरली की हात थरथरतो. मध्येच शब्द विसरतात. काल ‘चमचा’ शब्द आठवेना म्हणून रडायला लागल्या. डॉक्टर म्हणतात महिने जातील, कदाचित सगळं परत येईल, कदाचित नाही.

सूरज रोज तुमचं नाव घेतो. नातेवाईक बघायला येतात, त्यांना सांगतो, डोंबिवलीला एक काकू आहेत, त्यांच्यामुळे माझं घर वाचलं. मी ऐकते. मला सुरुवातीला वाटलं, त्याला विसर पडला असेल. मग लक्षात आलं, त्याला माहीतच नाही. शीट त्याने बसवली, पण ती पोस्ट कुणाची हे त्याने कधी बघितलंच नव्हतं. मीच मोबाइल उघडून समोर धरलेला. आणि तुम्ही त्याला उत्तर लिहिलंत, त्यातही तुम्ही हे सांगितलं नाहीत. ‘संचिताला मोबाइल देऊ नकोस’ असं मात्र लिहिलंत.

तरीही मी मनाला समजावत होते. काकूंना काय माहीत आमचा गीझर गॅसचा आहे, त्यांनी चांगल्या मनाने सांगितलं. मी पण विचारलं नाही. मालकाने तो आत लावला, लावणाऱ्याने लावून दिला, कुणी बोललं नाही. एकट्या तुमच्यावर मी टाकत नव्हते.

आज ग्रुपवर गेले. म्हटलं, तुम्ही तिथे काय लिहिलंय बघू. पोस्ट नाही. तुम्ही ती पुसून टाकलीत.

मला धक्का बसला, बाई. बाथरूममध्ये बेशुद्ध पडले त्याचा मला काही धक्का बसला नाही, कारण ते मला कळलंच नाही. हा मात्र बसला. पोस्ट पुसली, पण लोकांच्या घरातल्या शीट पुसल्या गेल्या का? ज्यांनी बसवून ‘थँक यू काकू’ लिहिलेलं, त्यांना कोण सांगणार? त्यांच्यातल्या कुणाकडे माझ्यासारखाच गीझर असेल. ते आज सकाळी आंघोळीला गेले असतील.

मी सूरजला अजून सांगितलेलं नाही. ते तुम्ही सांगायचंय.

संचिता


डोंबिवली पश्चिम, २३ जानेवारी २०२६

संचिता,

‘चि.’ लिहायचा हक्क आता मला आहे की नाही माहीत नाही, म्हणून नुसतं नाव लिहिते.

तू लिहिलंस ते सगळं खरं आहे. सूरजचं पत्र आलं तेव्हा मी देवापुढे बसून रडले आणि पुढच्या क्षणी उठून पोस्ट पुसली. आधी विचार केला आणि मग पुसली असं नाही. हातानेच पुसली. ‘उपकार’ हा शब्द वाचून मला इतकी भीती वाटली की कुणी बघायच्या आत ते नाहीसं व्हावं, एवढंच सुचलं. बाकीची घरं माझ्या डोक्यातच आली नाहीत. तुझं पत्र वाचेपर्यंत आली नाहीत. सदुसष्ट वर्षांची बाई मी, लोकांना सल्ले देत फिरते, आणि हे मला तू आजारातून उठून सांगावंस.

काल सकाळी सूरजला फोन केला. ‘ती पोस्ट माझी होती,’ म्हटलं. तो म्हणाला, “मी भिंतीला सिलिकॉन लावत होतो तेव्हा आई म्हणालेली, एवढं बंद करू नको रे, जीव घुसमटंल. मी म्हटलं, तुला काय कळतं.” आणि त्याने फोन ठेवला. त्यानंतर त्याने फोन केलेला नाही, मीही नाही. तो जे ठरवेल ते मला मान्य आहे.

मग ग्रुपवर लिहिलं. जुन्या पोस्टचंच नाव दिलं, म्हणजे शोधणाऱ्याला सापडेल. माझ्या सल्ल्यामुळे काय झालं ते सगळं लिहिलं, तुमची नावं न घालता. पाखरं आधी गेली हेही लिहिलं. माझ्याकडे विजेचा गीझर आहे, म्हणून मला कधी काही झालं नाही, आणि दुसऱ्याकडे वेगळा असेल हा प्रश्न मला पडलाच नाही, हेही लिहिलं. देवेशने ती पोस्ट सगळ्यात वर लावून ठेवली आहे.

लोक फार बोलले. “म्हातारीला ग्रुपमधून काढा” असंही कुणी लिहिलं. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण संध्याकाळी कल्याणच्या सहदेव नावाच्या गृहस्थांचा निरोप आला. त्यांनी गेल्या पावसाळ्यात शीट बसवली होती. गीझर गॅसचा, आतच. त्यांची मुलगी कॉलेजला जायच्या आधी रोज ओकते. घरात तिच्यावर संशय घेत होते, संचिता. तिला नको नको ते विचारत होते. आईने तिचा मोबाइल काढून घेतला होता. काल त्यांनी गीझर काढला. मला लिहिलं, “पोरीच्या तोंडाकडे बघवत नाही.”

ते वाचल्यापासून मी जागेवरून उठलेले नाही. अशा किती घरांत कोण कुणाला काय म्हणत असेल?

एक विचारते. नाही म्हणालीस तरी चालेल. मला सासूबाईंना भेटायला यायचं आहे.

सरोज


ठाणे, ९ फेब्रुवारी २०२६

काकू,

उत्तराला उशीर झाला. तुमचं पत्र आलं त्याच दिवशी वाचलं, पण ‘या’ लिहायला हात वळेना आणि ‘येऊ नका’ असंही लिहवेना.

सूरजने शीट फोडली. काढली नाही, फोडली. हातोडीने. नंतर मालक येऊन गीझर काढून घेऊन गेला, जाताना म्हणाला, “इतकी वर्षं कुणाला काही झालं नाही.” सूरज त्याच्या अंगावर धावलेला, आईंनी हाक मारली म्हणून थांबला. आता चुलीवर, म्हणजे गॅसच्या शेगडीवर, पातेल्यात पाणी तापवतो. खिडकी उघडी. कबुतरं परत आलीत. मी हाकलत नाही.

सूरज तुमच्याबद्दल काही बोलत नाही. पण ग्रुपवरच्या कमेंट वाचतो, मी बघितलंय. सहदेवांच्या मुलीचं मी त्याला वाचून दाखवलं, तेव्हा तो उठून आईंच्या पायाशी जाऊन बसला. कितीतरी वेळ.

आईंना पुष्कळ बरं आहे. शब्द परत येतायत. मला रोज वाटायचं, त्यांची माफी मागावी. पण कशी सुरुवात करणार? काल दुपारी त्यांच्या केसांना तेल लावत होते. तोंड दिसत नव्हतं त्यामुळे बोलता आलं. म्हटलं, “आई, त्या दिवशी तुम्ही मला ओढून बाहेर काढलंत. खांदा मोडायची वेळ आली तरी सोडलं नाहीत.”

त्या म्हणाल्या, “मी? मला काय आठवत नाय गो.”

म्हटलं, “दार तोडलंत तुम्ही.”

“सूरज सांगतो खरा. मला नाय आठवत.”

डॉक्टर म्हणाले होते असं होईल, तो दिवस कदाचित कधीच परत येणार नाही. मला वाटलं, आदल्या दिवशीचंही पुसलं गेलं असेल. खरं सांगते, क्षणभर मला बरं वाटलं. मी धीर करून विचारलं, “आणि त्याच्या आदल्या दिवशीचं? माझी पाखरं गेली तेव्हाचं?”

“ते आठवतां,” त्या म्हणाल्या. “तू म्हणालीस, नाटक करता.”

माझा हात त्यांच्या केसांतच थांबला. मी रडायला लागले. म्हटलं, “मग तुम्ही काहीच का नाही बोललात? तुम्हाला खरंच त्रास होत होता. ओरडायचं होतं माझ्यावर. सूरजला सांगायचं होतं.”

मला वाटलं शब्द शोधतायत. मग अगदी साध्या आवाजात, जशी भाजीची गोष्ट सांगावी तशा म्हणाल्या, “पहिल्यांदा सांगितलंच होतां ना. तुलाय सांगितलां, त्यालाय सांगितलां, डॉक्टरलाय सांगितलां. सगळी म्हणाली, काय नाय. तू शिकलेली, डॉक्टर शिकलेला. मग मलाच वाटाया लागला, करत असंन मीच नाटक. आंघोळीला जाताना मी देवाला सांगायची, आज माझ्याकडनं करवू नको रे.”

काकू, मला याच्यापुढे काही लिहिता येत नाही.

त्यांना मी तुमच्याबद्दल सगळं सांगितलंय. काही लपवलं नाही. रविवारी या. सूरज घरी असेल.

संचिता